सपाटीवरची काडी

"पातळ घालू का जाड, चाचा? तेवढंच सांगा. बाकीचं मला येतंय."

हणमंत ढेबेनं ऑइलचे दोन डबे इलाहीचाचापुढं आपटले. एक चकचकीत, शर्यतीच्या गाडीचा फोटो असलेला. दुसरा जाड ऑइलचा, जुन्या ट्रकांत घालतात तसला.

इलाही मुलाणीची पत्र्याची शेड घाटाच्या पायथ्याला. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या जीपवाल्यांना त्यानंच गाडी शिकवली. हणमंत त्यातलाच. पण चिखलातल्या जीपच्या शर्यतीत याला कप मिळाला, आणि तेव्हापासून हा जीपमधून न उतरताच हाक मारायला लागला.

त्या दिवशी उतरला. बायको रेश्मा वर केळशेतला, माहेरी. नववा महिना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खाली दवाखान्यात आणायची होती. केळशेतचा रस्ता म्हणजे रस्ताच नव्हे. दगड, पाण्यानं पाडलेल्या घळी, आणि सगळी वाट पहिल्या गिअरात.

चाचा डब्यांकडं बघेना.

"शर्यतीत सगळे हेच घालतात," हणमंत चकचकीत डब्यावर टिचकी मारत म्हणाला.

"उद्या शर्यत हाय?"

"नाही."

"रेश्माला घेऊन किती पळवणार?"

"पळवीन कशाला? माणूस चालतं तशी आणीन."

"इंजिन कुणाच्या वेळचं?"

"बापाच्या."

"धूर?"

"...निळा मारते. थोडा."

"मग ह्ये पाण्यावाणी ऑइल त्यात टिकंल का जळंल?"

"म्हणजे जाड घालू."

"वर पहाटं काय असतं?"

"थंडी. बोटं वळत नाहीत."

"जाड ऑइलबी वळत न्हाई. ते इंजिनात वरपत्तोर पोचायच्या आत तू रेस करणार."

हणमंतानं दोन्ही डबे पायानं बाजूला सारले. "हे नको, ते नको. मग घालू काय, खोबरेल?"

मला हसू आलं. चाचा हसला नाही.

"पंधरा-चाळीस. ना पातळ, ना जाड. गाडी आली तवापासनं तुझा बाप त्येच घालत हुता."

"एवढंच? हे तर दुकानदारानंही सांगितलं असतं."

"मग त्याला का न्हाई इचारलंस?"

हणमंतानं बाजूला सारलेले डबे परत सरळ लावले.

मी बाकड्यावर बसलो होतो, मला दिसत होतं. तो ऑइल विचारायला आलाच नव्हता. आमच्याकडं रीत आहे. पोटुशी बाई वरच्या वाटेनं आणायची असली, की उस्तादानं बॉनेटवर थाप मारल्याशिवाय जीप हलत नाही. कप मिळालेल्याला थाप मागायची लाज वाटत होती. म्हणून हे डबे.

"आत ऑइल किती हाय?" चाचानं विचारलं.

"फुल्ल. आत्ताच काडी बघितली."

"कुठं बघितली?"

"कुठं म्हणजे? ही काय गाडी."

जीप शेडच्या वरच्या अंगाला, उतारावर, तोंड खाली करून उभी होती. आमच्याकडं सगळ्या जीपा अशाच लावतात. सेल्फ मेलेला असतो, बॅटरी बसलेली असते. ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, गिअर टाकला की सुरू होते. बघणाऱ्याला काही कळत नाही. माणूस ऐटीत जातो.

चाचानं बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची काडी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं.

"बघा," हणमंत म्हणाला.

"ब्रेक सोड. खाली सपाटीला घे."

"नको."

"का?"

"सपाटीला चालू होणार नाही. ढकलावी लागंल."

"मग ढकलू."

"भर रस्त्यात? लोक काय म्हणतील, चाचा?"

"आणि सासुरवाडीत कुठं लावतोस रे?" मी मध्येच विचारलं.

"वरच्या टेकाडावर. दारात लावली आन् ढकलायची पाळी आली, तर सासरा जन्मभर सांगत फिरंल. जावई मोठा कपवाला, म्हणून."

चाचा ती काडी हातात घेऊन तसाच चालत खाली गेला, आणि सपाटीवर एका दगडावर जाऊन बसला.

आता काडीशिवाय जीप घेऊन जाणार कुठं? हणमंतानं जरा वाट बघितली. म्हातारा उठेना. हणमंत शिव्या पुटपुटत आत बसला, ब्रेक सोडला. जीप आवाज न करता उतरली आणि चाचाच्या पुढ्यात येऊन थांबली.

"घालतो काडी, द्या."

"थांब. ऑइल बसू दे."

बसलो. चहा आला, संपला.

मग चाचानं काडी त्याच्या हातात दिली. "आता काडीला इचार."

हणमंतानं काडी घातली, काढली. टोकाला नुसता काळा ठिपका. सदऱ्याला पुसली, परत घातली. परत तोच ठिपका.

उतारावर ऑइल सगळं पुढं जमत होतं, काडीपाशी. मागं कोरडं. जुनं इंजिन रोज थोडं थोडं पीत होतं, आणि हा रोज उतारावर बघून फुल्ल म्हणत होता.

त्यानं काडीकडं बघितलं, मग वर घाटाकडं.

"चाचा, उद्या ती गाडीत असताना जर..."

"शेडमधनं डबा आण."

पंधरा-चाळीसचा डबा आला. हणमंतानं स्वतः ओतलं. थोडं ओतायचं, थांबायचं, काडी बघायची. एवढा सावकाश मी त्याला कधी बघितला नव्हता.

मग ढकलणं आलं. चाचा स्टेअरिंगवर बसला. मागं मी आणि हणमंत. माझे गुडघे गेलेत, माझा जोर तो कितीसा! समोरच्या चहावाल्यानं बघितलं आणि ओरडला, "कपवाले, लावा की जोर!" हणमंतानं मान वर केली नाही. म्हणाला, "नुसता ओरडू नको. तूबी ये."

आला. आणखी एक-दोघं आले. जीप हिसके खात सुरू झाली.

हणमंत घामानं भिजून पुढं आला. या वेळी त्यानं डबा दाखवला नाही, शर्यत सांगितली नाही.

"चाचा, तेवढी थाप मारा. रेश्माला आणायची आहे."

चाचा खाली उतरला. बॉनेटवर हात नेला, आणि वरच्या वर धरला.

"सासऱ्याच्या दारात सपाट जागा कुठं हाय, ते सांग आधी."