धाकूचा चिनी रस्सा

एका खाडीकाठच्या गावात एक भोळा जावई आला होता. त्याचं नाव धाकू. त्याचं घर खाडीच्या पलीकडे, आणि हे गाव सासूचं. धाकू आळशी नव्हता, उर्मट नव्हता. त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच त्याचं चुकायचं.

धाकूची बायको शेवंती माहेरी बाळंत झाली होती. मुलगा गुटगुटीत होता. शेवंती मात्र पार गळून गेली होती. भिंत धरूनही तिला उभं राहवत नव्हतं. धाकू तिला न्यायला आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या घरात दुसरी बाई नाही. बाळंतिणीला करून कोण घालणार?"

"मी," धाकू म्हणाला.

त्या घरात जावयाला नाही म्हणायची रीत नव्हती, आणि रागवायची तर नव्हतीच.

"मग इथेच करून दाखवा," सासूबाई म्हणाल्या. "शेवंती आपल्या पायांनी खाटेपासून चुलीपर्यंत चालत आली, की खुशाल घेऊन जा. तोवर माझी लेक माझ्याकडे."

धाकूने मान डोलावली. त्याला घरी एकट्याला करमत नव्हतं. खुंटीवरच्या शेवंतीच्या लुगड्याशी बोलून बोलून तो कंटाळला होता. लुगडं काही उत्तर देत नव्हतं.

शेवंतीचे चुलते बाबलकाका पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते. बोटीवर त्यांच्या जोडीला एक चिनी आचारी होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण चूल एकच होती. त्या आचाऱ्याने निरोपाला काकांना एक पत्र्याचा डबा दिला होता. काकांनी तो धाकूपुढे उघडला. आत वाळलेली तांबडी बोरं होती, पिवळ्या मुळीचे चपटे काप होते, मनुकांपेक्षाही बारीक असे लाल दाणे होते. आणि एक जाडजूड मुळी होती. तिला दोन हात होते आणि दोन पाय होते.

"हा कोण?" धाकूने विचारलं.

"ही सगळ्यात ताकदीची. हिला माणूसच समजा," काका म्हणाले. "हाडांच्या रश्श्यात हे सगळं घालून चीनमधल्या बाळंतिणींना देतात. पण आधी नुसती हाडं उकळायची. एक उकळी आली की पहिलं पाणी फेकून द्यायचं. त्यात सगळी घाण असते. दुसऱ्या पाण्यात खरा रस्सा."

धाकूने बकऱ्याच्या नळ्या आणल्या, टोपात घातल्या, उकळल्या. मग पहिलं पाणी परसात फेकलं. नळ्या पाण्यातच होत्या. त्या कुत्र्यांनी नेल्या.

काका म्हणाले, "जावईबापू, हाडं आतच ठेवायची. पाणी तेवढं जाऊ द्यायचं."

"पुढच्या वेळी तसंच करीन," धाकू म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या दोन बायका बाळाला बघायला आल्या. सासूबाई बाळाला तेल लावत होत्या. त्यांनी आतून सांगितलं, "जावईबापू, पाहुण्यांना पाणी द्या."

धाकूने तांब्या भरून आणला. बायकांनी हात पुढे केला. धाकूने तांब्या अंगणात ओतला.

"हे पहिलं," तो म्हणाला. "आमच्या पहिल्या पाण्यात घाण असते. दुसरं आणतो."

बायका दुसऱ्या पाण्याला थांबल्या नाहीत.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "जावईबापू, आलेल्या माणसाला असं करू नये. घरात असेल ते द्यावं, आग्रह करून द्यावं. नको म्हणाला तरी वाढावं."

"पुढच्या वेळी तसंच करीन," धाकू म्हणाला.

त्याने पुन्हा नळ्या आणल्या. पहिलं पाणी गेलं, हाडं राहिली. दुसरं पाणी चुलीवर चढलं. काका म्हणाले, "आता आच मंद ठेवा. वर फेस येईल. फेस दिसला की काढायचा. नाहीतर सगळं वाया."

एवढं सांगून काका अंगणात दाढी करायला बसले. त्यांनी आरसा खांबाला टेकवला आणि गालांना साबण लावला.

धाकूने चुलीपासून मान वळवली. त्याला फेस दिसला.

तो पळी घेऊन अंगणात गेला आणि काकांच्या उजव्या गालावरचा फेस काढला. मग डाव्या गालावरचा. काकांनी पुन्हा साबण लावला. धाकूने पुन्हा काढला.

"जावईबापू, हे काय?"

"फेस."

"तो माझा आहे."

"तुम्हीच म्हणालात, नाहीतर सगळं वाया."

हे चाललं असताना आत टोप उतू गेला आणि चूल विझली. काकांची दाढी अर्धीच झाली होती. त्यांनी वस्तरा मिटला आणि खालच्या आवाजात सांगितलं, "एका टोपापाशी बसायचं. फेस संपेपर्यंत जागचं उठायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही."

"पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढच्या वेळी धाकूने अगदी तसंच केलं. तो टोपापाशी बसून राहिला. फेस संपला, रस्सा पिवळाधमक झाला, बोरं फुगली. घरभर वास सुटला. शेवंती खाटेवरून म्हणाली, "झालं असं वाटतंय." सासूबाईंनाही तसं वाटलं. त्या वाटी धुवायला परसात गेल्या.

तेवढ्यात बाळंतिणीला बांगड्या भरायला कासार दारात आला.

धाकूने त्याला पाटावर बसवलं आणि वाडगाभर रस्सा पुढे केला.

"नको," कासार म्हणाला. "जेवून आलोय."

धाकूने तो त्याला पाजला आणि वाडगा पुन्हा भरला.

"खरंच नको हो."

धाकूने पुन्हा भरला.

"अहो, देवाशपथ नको."

त्यावरही धाकूने वाडगा भरला. असं बराच वेळ चाललं. शेवटी कासार दमला आणि म्हणाला, "बरं, वाढा."

"संपला," धाकू म्हणाला.

कासाराच्या अंगात अशी काही तरतरी आली, की तो पेटी डोक्यावर घेऊन पळत पुढच्या गावाला गेला. बांगड्या भरायच्या राहून गेल्या.

सासूबाई वाटी घेऊन आत आल्या. त्यांनी टोपात पाहिलं. मग वाटी पालथी घातली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "हा रस्सा बाळंतिणीचा आहे. कुणीही मागितला तरी द्यायचा नाही. थेंबसुद्धा नाही. ऐकलंत ना? कुणीही."

"पुढच्या वेळी तसंच करीन," धाकू म्हणाला.

पुन्हा नळ्या आल्या. पुन्हा पहिलं पाणी गेलं, फेस गेला. हातापायांच्या मुळीचे काकांनी हात कापून घातले. उरलेल्या मुळीची धाकूने माफी मागितली. रस्सा तयार झाला. धाकू टोपावर झाकण ठेवून समोर बसला. सासूबाई बाळाला घेऊन शेजारी गेल्या होत्या.

खाटेवरून शेवंतीने हाक मारली. "अहो, वाटीभर रस्सा द्या ना."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कुणीही मागितला तरी द्यायचा नाही."

"अहो, पण बाळंतीण मीच आहे."

"ते मला माहीत आहे. न मागता दिला असता. पण तू मागितलास."

शेवंती कुशीवर वळली. मग म्हणाली, "बरं, आता मागत नाही."

"आता मागून झालाय."

"वास येतोय हो इथपर्यंत. तोंडाला पाणी सुटलंय माझ्या."

"मलाही वाईट वाटतंय," धाकू म्हणाला, आणि खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण झाकणावरचा हात त्याने काढला नाही.

शेवंतीने पांघरूण बाजूला फेकलं. ती उठली. भिंत न धरता खोलीतून तरातरा चुलीपर्यंत आली, धाकूचा हात उचलून बाजूला ठेवला आणि टोपातून वाटी भरून घेतली. मग दुसरी. मग तिथेच पाट ओढून बसली आणि तिसरी.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मी दिला नाही," धाकू घाईने म्हणाला. "तिने घेतला."

सासूबाईंची अट पुरी झाली होती. लेक आपल्या पायांनी चुलीपर्यंत चालत आली होती.

पुढेही शेवंती रोज तशीच येऊन रस्सा घेत राहिली. तिच्या अंगात बळ आलं, गालांवर रंग आला. मग सासूबाईंनी बोचकी बांधली. निघताना काकांनी डबा धाकूच्या हातात दिला. "उरलेलं सगळं यात आहे. मोठ्यात मोठं भांडं घ्या आणि एकदाच भरपूर करून ठेवा. मीठ मात्र अगदी शेवटी, चव बघून."

सासूबाईंनी डोळे पुसले. "रस्सा एक दिवसही चुकवू नका."

"नाही चुकवणार," धाकू म्हणाला.

ते तिघं काठावर आले. ओहोटी होती. होडी चिखलात बसली होती. होडीवाला म्हणाला, "पाणी आल्याशिवाय जाता येणार नाही." शेवंती बाळाला घेऊन उंडीच्या झाडाखाली बसली. धाकू डबा घेऊन काठावर उभा राहिला आणि खाडीकडे बघू लागला.

एवढं मोठं भांडं त्याने पाहिलं नव्हतं. पाणी निघून चाललं होतं. तळाला माशांची हाडं दिसत होती. ती आतच राहत होती, पाणी तेवढं जात होतं. वर ऊन होतं, कोवळं, मंद.

"पहिलं पाणी," धाकू स्वतःशी म्हणाला. "आता दुसरं येईल."

दुसरं आलं. भरती सुरू झाली. धाकूने डबा उघडला आणि तांबडी बोरं, पिवळे काप, लाल दाणे सगळं खाडीत रिकामं केलं. हात तुटलेली मुळी शेवटी टाकली. ती पाठीवर पडून संथपणे पोहत गेली.

मग काठाला फेस आला. धाकूने बोचक्यातून पळी काढली आणि खाली बसला.

होडी पाण्यावर तरंगली. होडीवाल्याने हाक मारली. शेवंती बाळाला घेऊन होडीत चढली आणि तिनेही हाक मारली. धाकू उठला नाही. तो फेस काढत होता. काढला की आणखी येत होता.

"पाणी उतरायला लागलं तर पुन्हा इथेच अडकू," होडीवाला म्हणाला.

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं, पलीकडच्या काठावरच्या आपल्या घराकडे पाहिलं. अंगात आता चांगली ताकद होती. "चला," ती म्हणाली.

अशी लेक सासरी गेली, आणि जावई राहिला.

ऊन कललं तेव्हा सासूबाई आणि काका काठावर आले. धाकू अजून फेस काढत होता.

"जावईबापू," सासूबाईंनी विचारलं, "काय करताय?"

"रस्सा. आजचा चुकवायचा नव्हता ना." त्याने पळी बुडवून सासूबाईंपुढे धरली. "चव बघा."

जावयाला नाही म्हणायची रीत नव्हती. सासूबाईंनी घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

"कसा असेल?" धाकू म्हणाला. "मीठ मी अजून घातलंच नाही."