पाइपाच्या वाटेतलं गाव

सिंकखालच्या कपाटात सांडपाण्याचा पाइप मधोमध उभा होता. त्यामुळे आत फळी बसत नव्हती आणि फिनेलची बाटली तळाशीच राहायची. दहा महिन्यांची मनू रांगायला लागल्यापासून शलाकाला त्या बाटलीची धास्ती. पाइप वळवून भिंतीलगत नेला की वर फळी बसेल, एवढंच तिचं म्हणणं. पण ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणत तिनं ते महिनाभर मनातच ठेवलं. आज प्लंबर जब्बारभाई आले, तर सासरे आडवे आले. अप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर.

“सूनबाई, मी आयुष्यभर कालवे काढलेत. पाणी सरळच न्यायचं असतं.”

“आणि वाटेत गाव आलं तर, अप्पा?”

“गाव उठवायचं! कालवा वळवायचा नाही.”

शलाकानं खाली बोट दाखवलं. कामासाठी रिकाम्या केलेल्या कपाटात मनू केव्हाच शिरली होती आणि पाइपला मिठी मारून बसली होती.

“हे बघा गाव. उठवा.”

अप्पांनी वाकून तिला ओढलं. मनूनं भोकाड पसरलं, पण पाइप सोडला नाही. जब्बारभाई खो खो हसले.

अप्पा हसले नाहीत.

“वळवा पाइप,” म्हणत ते तिथंच फरशीवर बसले. “खैरवाडीत एका म्हातारीनं असाच घराचा खांब धरला होता. कालव्याला दोन वळणं दिली असती, तर तिचं घर वाचलं असतं. मीच नको म्हणालो.”

शलाकानं चहा करून त्यांच्यापुढे ठेवला.