दोन जावा आणि गावावरची गोधडी

फार फार पूर्वी, चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट, अशा जागी कुंभारांचं एक गाव होतं. माणसं भारी हसरी. बाजारात लोक मडकी घ्यायला म्हणून यायचे आणि गप्पाच ऐकत बसायचे.

त्या गावात दोन जावा एकाच घरात राहायच्या. थोरली माती मळायची, धाकटी मडक्यांवर नक्षी काढायची. एकीची पोरं दुसरीच्या ताटात जेवायची.

पुढे नगरातून कौलांना मागणी आली आणि दारोदारी भट्ट्या पेटल्या. हिवाळ्यात धूर वर जाईना. तो गावातच मुक्काम ठोकून बसला. कुणाला झोप लागेना, कुणाला साधी गोष्ट आठवेना, कुणाला उगाच रडू येई. हसरं गाव एकमेकांवर खेकसायला लागलं.

भगत म्हणाला, "गावाला दृष्ट लागलीय. घरोघरी मिरच्या-मोहरीची धुरी करा."

घ्या. आधीच धूर, त्यात ही भर. ठसका लागला की लोकांना वाटायचं, दृष्ट फारच कडक दिसते. मग आणखी मूठभर मिरच्या टाकायच्या.

एके दिवशी धाकटीने रांजणाचं झाकण माठावर ठेवलं. एवढ्यावरून थोरली नाही नाही ते बोलली, धाकटीनेही काही बाकी ठेवलं नाही. चूल वेगळी करायचं ठरलं. धाकटीने नव्या चुलीची माती कालवलीसुद्धा. सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या आणि पोरांना कळेना, आता कुणाच्या ताटात जेवायचं.

पण गावाची एक रीत होती. वेगळं निघायचं असेल, तर दोघींनी मिळून डोंगरावरच्या देवीला नारळ फोडायचा आणि खोबरं तिथेच बसून खायचं.

दोघी तोंड फिरवून डोंगर चढल्या. वर स्वच्छ ऊन होतं, वारा होता. नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि तिथेच कातळावर दोघींचा डोळा लागला. किती दिवसांनी अशी झोप लागली होती.

जागी झाल्यावर धाकटी म्हणाली, "अक्का, आपण भांडलो तरी कशावरून?"

"झाकणावरून गं," थोरली म्हणाली आणि तिला हसू आवरेना. दोघी पोट धरून हसल्या. हातात हात घालून खाली निघाल्या.

वेशीपाशी आल्या, तर डोळे चुरचुरले, डोकं ठणकलं. "हात काय ओढतेस?" थोरली खेकसली.

धाकटी उलट बोलणार होती. पण तोंड उघडलं तसा घशात धूर गेला आणि तिला ठसका लागला. वर तर असं काहीच झालं नव्हतं. तिने थोरलीला धरलं आणि पुन्हा वर नेलं. वर जाताच थोरलीचा राग उतरला.

"देवीचीच कृपा बघ," थोरली म्हणाली.

"देवीची कृपा तर खालीही असते, अक्का. पण गाव कुठे दिसतंय का बघ."

गाव दिसतच नव्हतं. त्यावर धुराची मळकट गोधडी पसरली होती.

दुसऱ्या दिवशी दोघींनी सगळ्या गावाला भाकऱ्या बांधून डोंगरावर नेलं. अबोला धरलेली माणसं दुपारपर्यंत एकमेकांचा ठेचा मागून खाऊ लागली. भगताचा खोकला थांबला, तसा तोच म्हणाला, "धुरी आजपासून बंद." "आणि भट्ट्याही कमी करू," धाकटी म्हणाली.

"पण भट्ट्या कमी केल्या तर कौलं कमी होतील," म्हातारा कारभारी म्हणाला.

थोरली म्हणाली, "होऊ देत, मामा. नगरातली माणसं थोडी थांबतील. आमचं घर मात्र कालच मोडत होतं."

कारभाऱ्याने खाली त्या गोधडीकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग दूरच्या उघड्या माळावर, वारा वाहतो तिथे, सगळ्यांची मिळून एकच भट्टी उभी राहिली. पाळीपाळीने ती पेटायची. माती वाहून पाठ दुखायची, पण रात्री गाढ झोप लागायची. गाव पुन्हा हसायला लागलं. भांडणं काही संपली नाहीत हं, पण दिवेलागणीपर्यंत मिटायची.

आणि धाकटीने कालवलेली ती माती? वाया कशाला घालवायची? तिने जुन्याच चुलीला बाजूला एक वैल जोडला. आता चुलीवर भाकरी भाजते, वैलावर भाजी शिजते आणि पोरं हव्या त्या ताटात जेवतात.

तात्पर्य एवढंच: सगळं गावच चिडचिडं झालं, तर माणसांना बोल लावण्याआधी सगळे मिळून कोणत्या हवेत श्वास घेतात ते बघावं. हवा सगळ्यांची असते, म्हणून ती स्वच्छ ठेवायचीही सगळ्यांनी मिळून.