गोजरा आणि तांब्याची माणसे

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. राज्यात नद्या दोन, डोंगर सात आणि कामे अगणित. माणसे राबत, दमत आणि राबता राबता म्हातारी होत. राजाला त्यांची दया आली. त्याने भैरांग जादूगाराकडून एक पेटी मागून आणली. झाकण उघडताच तिच्यातून तांब्याची माणसे बाहेर पडली, एक हजार एक.

त्यांची रीत अशी होती. तांब्याचा माणूस एखाद्या कारागिराशेजारी एक दिवस बसे आणि सूर्य मावळायच्या आत त्याची सारी विद्या शिके. दुसऱ्या दिवसापासून तेच काम तो न चुकता, न थकता करी.

हैबती विणकराने आपली विद्या हौसेने दिली. वीस वर्षे तो राजघराण्याचे शेले विणत आला होता. बायकोला, गोजराला, तो म्हणाला, "बघ, कसा टक लावून बसला आहे! असा शागीर्द मला कधी मिळाला नाही." दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत शेला तयार झाला. हैबतीने तो उलटसुलट करून पाहिला. एक चूक सापडली नाही. त्याने शेल्याची घडी घातली आणि तो उंबऱ्यावर जाऊन बसला.

पहिले वर्ष सणासारखे गेले. दुसऱ्या वर्षी घरोघरी उंबऱ्यावर माणसे दिसू लागली. आधी त्यांचे बोलणे सुटले, मग भूक, मग उठणे. कित्येक तिथेच मेली. पेटीचा शापच तसा होता: ज्याची कुणाला गरज उरली नाही, तो बसे आणि पुन्हा उठत नसे. वैद्यही बसले होते. तांब्याचे वैद्य नाडी पाहून सांगत, "शरीर निरोगी आहे."

गोजरा मात्र बसली नाही. हैबती तांब्याच्या हातचा घास घेत नसे, तोंड फिरवी. तिनेच भरवावे तेव्हा गिळी. तेवढ्या एका कामावर ती उभी होती.

एके सकाळी ती शेजारच्या धोंडीआजीकडे गेली. आजी नुकतीच बसू लागली होती.

"आजी, मी भैरांगाकडे जाते. माघारी यांना दोन वेळा भरवाल का?"

"मला सांगतेस?" म्हातारी म्हणाली. "मला?" आणि भिंतीला धरून उठली.

गोजराने राजाची आज्ञा मागितली. राजाचा न्याय आता तांब्याचा प्रधान करी, आणि राजा सिंहासनाच्या पायरीवर बसून असे. "मी दयेपोटी केले," तो म्हणाला. "तू जा. मला उठवत नाही."

वेशीबाहेर वडावर एक धनेश पक्षी बसला होता. पक्ष्यांची कामे कुणी घेतली नव्हती, म्हणून तो अजून बोलत होता. त्याने वाट दाखवली. सातव्या डोंगरावर भैरांगाची गुहा होती. दाराशी एक जाते होते.

"ही माणसे मी कुणाच्या वाइटासाठी घडवली नाहीत," भैरांग म्हणाला. "माझी आई या जात्यावर परक्यांचे दळता दळता मेली. पुन्हा कुणी असे मरू नये, एवढेच मनात होते."

"मग शाप कुठून आला?"

"माझ्या विद्येत तो नव्हता. पेटी उघडल्यावर आला. तो मोडायचा तर तीन कामे आहेत. तीनही माणसाने करायची."

पहिले काम दळणाचे. सात दिवस गोजराने नाचणी दळली. तळहात फुटले. पीठ तयार झाले की भैरांग ते तिच्या डोळ्यांदेखत दरीत उधळी. ती तिकडे पाही, ओंजळ भरी आणि पुन्हा खुंटा धरी.

दुसरे काम विणण्याचे. दोन माग शेजारी मांडले. एकावर गोजरा बसली, दुसऱ्यावर भैरांगाने बोलावलेला तांब्याचा विणकर. तो हैबतीच्याच लकबीने धोटा फेकत होता, सुटलेला धागा हैबतीसारखाच ओठांनी ओला करून जोडत होता. ते पाहून गोजराच्या डोळ्यांपुढचे सूत दिसेनासे झाले. त्याचे बारा शेले झाले, तेव्हा तिचा एक झाला, तोही काठाला ओढलेला. पण झाला.

"आता तिसरे," भैरांग म्हणाला. "तांब्याच्या माणसांमुळे जिचे खरोखर भले झाले, अशा एकीकडून होकार आण. बसलेल्यांचा होकार मला नको."

धनेश तिला चुनाभट्टीच्या वस्तीत घेऊन गेला. तिथे येसू राहत होती. तिचा नवरा भट्टीत चुना भाजता भाजता आंधळा झाला आणि खोकून मेला. पुढे तांब्याची माणसे आली, भट्टीत शिरली, आणि तिचे दोघे मुलगे वाचले.

गोजराने सगळे सांगितले.

"तुझ्या नवऱ्याचे काम शेल्याचे," येसू म्हणाली. "तो गेलेल्या कामासाठी झुरतो. माझ्या नवऱ्याने कामावर जाताना एकही दिवस मागे वळून पाहिले नाही, का ते ठाऊक आहे? पाहिले असते तर पाय पुढे पडला नसता. आणि तू मला हो म्हण म्हणतेस?"

गोजरा परत जायला वळली. तेव्हा तिला दाराआड येसूचे दोघे मुलगे दिसले. दोघेही भिंतीला टेकून बसले होते. डोळे उघडे होते. धाकट्याच्या पापणीवर माशी बसली होती, तीही तो हाकलत नव्हता.

"कधीपासून?" गोजराने विचारले.

"चार महिने." येसूने पदराने माशी हाकलली. मग म्हणाली, "हो म्हणते मी. जा, सांग त्याला. पण पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

गोजराने होकार सांगताच भैरांगाने राजवाड्यात येऊन पेटीचे झाकण लावले. त्याच क्षणी एक हजार एक तांब्याची माणसे जिथल्या तिथे थिजली. नांगरावर, चुलीपाशी, न्यायासनावर. आणि उंबऱ्यावरची माणसे उठली. शाप सुटला.

राज्याची घडी पुन्हा बसली. राजा सिंहासनावर बसला आणि पहिल्याच दिवशी त्याने एका निरपराध्याला हद्दपार केले. बसून बसून माणसे विद्या विसरली होती; पेरणी कुणाला नीट आठवेना. त्या वर्षी भुकेने माणसे मेली, उंबऱ्यावर मेली होती त्याहून जास्त. गोजरा पाणवठ्यावर गेली की बायका आपले हंडे बाजूला ओढून घेत.

झाकण लावल्यापासून सातव्याच दिवशी चुनाभट्टी पेटली होती, कारण राजवाड्याची सफेदी उडाली होती. गोजरा राजाकडे धावली. "महाराज, भट्टीपुरती तरी तांब्याची माणसे उठवा."

"म्हणजे पेटी पुन्हा उघडायची?" राजाने विचारले.

गोजरा माघारी फिरली. येसूचे दोघे मुलगे भट्टीवर गेले. ते जाताना येसू दारात उभी होती. दोघांनीही मागे वळून पाहिले नाही.

हैबती उठला होता, बोलत होता, पण विद्या परतली नव्हती. मागाकडे बोट दाखवून त्याने विचारले होते, "हे काय आहे?" गोजराने त्याला पहिल्या धाग्यापासून शिकवायला घेतले. दोन महिन्यांत वीतभर कापड झाले. वीण कुठे घट्ट, कुठे सैल.

एका दुपारी त्याला फडताळात तांब्याच्या माणसाचा शेला सापडला. त्याने तो आपल्या कापडाशेजारी पसरला आणि दोन्हींवरून हात फिरवला.

"हे त्याने विणले?"

"हो."

"मी यापेक्षा चांगले विणत होतो?"

गोजराने खोटे सांगायचे मनात आणले. पण सांगितले नाही. "नाही," ती म्हणाली.

"मग मला कशाला उठवलेस?"

तिने मागाकडे पाहिले. धागा तुटला होता. हैबतीने तो अंगठ्याने चाचपला आणि अवघडल्या बोटांनी तो गाठ मारायला लागला. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदाही सुटली.