पुसलेल्या सालाचं नाणं

पाच सेंटला पाव मिळायचा तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या एका संग्राहकाच्या मखमली पेटीत दुर्मिळ निकेल, म्हणजे पाच सेंटची, नाणी राहत. सगळी लखलखीत, कधी बाजारात न गेलेली. एकदा त्याने एक झिजलेलं नाणं आणलं. त्याच्यावर कोरलेला गवा दिसत होता, नाणं पाडल्याचं साल मात्र पुसलं होतं. ॲसिडचा थेंब टाकला की पुसलेलं साल उमटतं, म्हणून त्याने बाटली उघडली.

“गप पडून राहा, बाळ,” पेटीतलं सर्वांत थोरलं नाणं म्हणालं. “जरा भाजेल, कायमचा डाग राहील, पण आमच्यात जागा मिळेल. तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

झिजलेल्या नाण्याचं डोकं फिरलं. “वीस वर्षं मी लोकांच्या घरी पाव नेले, त्यात माझं साल झिजलं! तुम्ही उभ्या जन्मात एक बटाटा तरी आणलात?”

“थोरांशी असं बोलतात?”

“थोर कसली? नुसती जुनी!”

थेंब पडायच्या आत ते टेबलावरून घरंगळलं आणि उघड्या दारातून थेट रस्त्यावर गेलं. धुणं घेऊन निघालेल्या एका बाईने ते उचलून पाववाल्यापुढे ठेवलं.

साल कुणीच विचारलं नाही. पाव गरम मिळाला.