पिल्लांचा पेला

फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण चूक मोठ्यांची होती.

एका गावात ख्रिस्ती लोकांचं दगडी प्रार्थनामंदिर होतं. तिथे प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी घोटभर द्राक्षरस घ्यायच्या विधीचा, एकच पेला होता, चांदीचा. वर्षातून चार वेळा तो पांढऱ्या वस्त्रातून बाहेर निघे. तो निघाला की तान्ही पोरं सोडून सगळे गप्प होत. एक म्हातारी विधवा तो गुडघ्यांवर बसून पुशी. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पेला हातात आला की तिचे गुडघे आपोआप टेकत.

गावचा पाटील भला माणूस होता, पण स्वतःच्या हुशारीवर भारी खूश. एकदा त्याच्याकडे बडे पाहुणे आले, तेव्हा त्याने म्हातारीकडे पेला मागितला.

“देव आपला बाप ना?” तो म्हणाला. “मग बापाच्या घरचं भांडं लेकरांनी वापरलं तर बिघडलं कुठे?”

“देवाचं काही बिघडणार नाही, पाटील,” म्हातारी म्हणाली. “आपलं बिघडेल.”

पाटील हसला आणि पेला घेऊन गेला. मंदिराच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सगळं पाहिलं, पण पाटलाला दुखवायचं कशाला, म्हणून तेही गप्प बसले. गप्प बसायची ती वेळ नव्हती.

पुढे पेला बारशांना गेला, लग्नांत सरबताला गेला. प्रभुभोजनापुरता तो परत येई, कधी कधी उशिरानेच. त्या दिवशीही लोक आता गप्पा मारत. शेवटी तो पाटलाच्या अंगणातच राहिला. पाटलाची एकुलती लेक त्यात कोंबडीच्या पिल्लांना पाणी ठेवी. म्हातारीने ते एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून घरी गेली. त्याच वर्षी ती वारली.

लेक मोठी झाली. एकोणिसाव्या वर्षी तिला ताप आला तो उतरेना. वैद्याने हात टेकले.

“बाबा, मला भीती वाटते,” ती म्हणाली. “कुणीतरी मोठं जवळ हवंय.”

पाटलाने पाळकांना बोलावलं. स्वतः राखेने घासून पेला लखलखीत केला. पाळकांनी त्यात प्रभुभोजनाचा द्राक्षरस ओतून तो तिच्या ओठांपाशी नेला. तिने पाहिलं आणि मान मागे घेतली.

“हा तर पिल्लांचा पेला.”

“नाही गं बाळ, प्रभूचा आहे तो.” पाटील म्हणाला.

“असेल. पण याच्यापुढे कुणी वाकलेलं मी कधी पाहिलं नाही. तुम्हालासुद्धा नाही, बाबा. आता मी याचा आधार कसा घेऊ?”

तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

देवाने तिला जवळ घेतलं असेल, असं मी मानतो. पण ती जाताना घाबरलेली होती आणि तिच्या बापाने ते पाहिलं होतं.

पाटलाने पेला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून परत नेऊन ठेवला. मग तो रोज त्याच्यापुढे गुडघे टेकू लागला. गुडघे टेकत, पण डोळे मिटले की त्याला पाणी पिणारी पिल्लंच दिसत. कसं वाकायचं ते विचारावं, तर म्हातारी उरली नव्हती.

ज्या देवापुढे आपण सुखात वाकत नाही, त्याचा आधार दुःखात आपल्या हाताला लागत नाही.