गोजराबाईची खुंटी

त्या वर्षी झोळीबुवा महाराजांचा मुक्काम करंजखेड्यात मारुतीच्या पाराजवळ होता. महाराजांचा एक नेम असे. ज्या घरी जेवायचे, त्या घरच्या खुंटीला झोळी टांगायची. जेवण आटोपण्याआधी झोळी जमिनीला टेकली, तर महाराज भरल्या पानावरून उठत आणि पुन्हा त्या गावात पाऊल टाकत नसत.

गोजराबाई कुंभारणीने धीर करून महाराजांना जेवायला बोलावले, आणि महाराजांनी हो म्हटले! "महाराजांचं पान आपल्या घरी मांड," हे तिच्या नवऱ्याचे अखेरचे शब्द होते. त्याने बाभळीची खुंटीही तासून ठेवली होती. पण भिंत पांढऱ्या मातीची. खुंटी ठोकावी, की भुसभुशीत माती गळून ती हातात येई. गोजराबाईने शेणमाती लिंपली, चिंध्या कोंबल्या, पुन्हा ठोकली. सकाळपासून बिचारीच्या जिवाला थारा नव्हता.

रंभाजी गवंडी दारात येऊन हसला. गावची चावडी बांधल्यापासून या गृहस्थाचे पाय जमिनीवर नव्हते. "अगं बाई, हिला भित म्हनायचं का ढेकूळ? तुझ्यापायी गाव महाराजांना मुकंल! माझ्याकडं पाठव त्यांना. चुन्यात बसवलीय खुंटी, बैल बांध तिला!"

तेवढ्यात महाराज दारात उभे! गोजराबाईला रडूच कोसळले. "महाराज, खुंटी हलतिया. झोळी नगा टांगू. रंभाजीदादाकडं जावा."

"भूक लागली आहे, बाई. पान वाढ," महाराज म्हणाले, आणि झोळी टांगून पाटावर बसलेसुद्धा!

खुंटी वाकली. माती झरू लागली. दारात लोकांची चुळबुळ सुरू झाली. गोजराबाई भाकरी वाढायची आणि भिंतीकडे बघायची, आमटी वाढायची आणि भिंतीकडे बघायची. महाराज मात्र उजव्या हाताने निवांत जेवत होते. डावी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती.

भिंतीखाली मातीचा ढीग वाढत चालला. अखेर रंभाजीला राहवेना. गाव महाराजांना मुकणार या धास्तीने तो खुंटी धरायला धावला आणि जागीच थिजला. भोक एवढे मोठे झाले होते, की त्याचा हात खुंटीभोवती सगळीकडून फिरला. खुंटी भिंतीला कुठेच टेकली नव्हती! तरी झोळी तशीच लटकत होती.

"रंभाजी, बघत काय राहिलास?" महाराज म्हणाले. "चुना आण. माझा हात अवघडला रे!"

रंभाजीने वळून त्या मिटलेल्या मुठीकडे पाहिले. त्याला दरदरून घाम फुटला. तो धावत घरी गेला, चुना आणि दगडाच्या कपच्या घेऊन आला, आणि भोक बुजवू लागला.

"बसली, महाराज," तो कसाबसा म्हणाला.

मग महाराजांनी मूठ उघडली. तळव्यावर खुंटीचा लालभडक वळ उमटला होता! गोजराबाईने हुंदका आवरायला पदर तोंडाशी धरला. रंभाजी गुडघ्यांवर बसला, आणि त्याने त्या तळव्यावर आपले कपाळ टेकवले.